शेवंतीचा तांब्या

पन्नाशी जवळ आली आणि मला चित्रकार व्हायचं सुचलं. दर रविवारी नेवाशाहून नगरला क्लासला जाऊ लागलो. सरांनी एकदा मोबाईलवर एक फ्रेंच चित्र दाखवलं. फुलदाणीतली फुलं, जवळून नुसते रंगाचे फटकारे, लांबून बघावं तर बहर. म्हणाले, फुलं नका रंगवू, फुलांवरचा उजेड रंगवा. बरी चित्रं क्लासच्या प्रदर्शनात लागणार होती. माझं चित्र तोवर आमच्या घरच्या भिंतीवरही लागलं नव्हतं. बायकोच्या मते तिथं कॅलेंडर बरं दिसतं. तेव्हा आता काढीन ते तरी प्रदर्शनात लागायलाच हवं होतं.

घरात फुलदाणी कुठली? पाण्याचा तांब्या लखलखीत घासला, त्यात शेवंती खोचली, खाली चौरंग, त्यावर खणाचं कापड. सगळं पूर्वेच्या खिडकीत मांडून रंग आणायला आत गेलो.

बाहेर येतो तर राजूरहून मुक्कामाला आलेली आत्या चौरंगापुढं हात जोडून उभी. तांब्याला हळदकुंकू, शेवंतीत नारळ, समोर उदबत्ती.

"मांडून ठिवलं अन् नारळ इसरला व्हय रं?"

चित्रासाठी आहे, म्हटलं. काढ की चित्र, ती म्हणाली, पण पूजा झालीय, आता हलवायचं नाही, आणि रंगवायचं ते आंघोळ करून. मी पुन्हा आंघोळ केली. तोवर शेजारणींना सुगावा लागला. कुणी जास्वंद वाहिली, कुणी झेंडू. थोर चित्रकारांपुढं नुसता उजेड बदलायचा. माझ्यापुढं विषयच बदलत होता. मीही इरेला पेटलो आणि उदबत्तीच्या धुरासकट सगळं फटकारलं.

सरांनी चित्र पाहून बराच वेळ चष्मा पुसला. मग लावलं. कुठं? हॉलच्या टोकाला, संडासाच्या दाराशेजारी. तरी मी खूश. भिंत ती भिंत.

उद्घाटनाला आत्याला नेलं. तिनं चित्रापुढं चपला काढल्या, हात जोडले, मग शेजारचं दार पाहिलं. या डोंगरावरून त्या डोंगरावर हाक मारायची सवय असलेला तिचा आवाज हॉलभर गेला.

"मास्तर, द्येव संडासापाशी लावत्यात व्हय?"

हा देव नाही, फुलांचं चित्र आहे, असं सरांनी परोपरीनं समजावलं. आत्यानं सगळं ऐकून घेतलं आणि चित्राखालीच बसकण मारली. बघे जमू लागले. अखेर सरांनी स्टूल मागवलं.

माझं चित्र समोरच्या मुख्य भिंतीवर गेलं, पूर्वेकडं तोंड करून. संध्याकाळपर्यंत त्याच्यापुढं चपलांची रांग लागली होती. मी मुकाट्यानं माझेही बूट तिच्यात नेऊन ठेवले.