सत्ताविसावं उत्तर

मे महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, मतदानाच्या दिवशी, सकाळी सातला बेरिल हॉस्किन ऑटरिंगच्या गावसभागृहाच्या दारात खुर्ची टाकून बसायची. कोटावर पक्षाची निळी फीत, मांडीवर वही. मत देणाऱ्याला त्याचा यादीतला क्रमांक विचारून लिहून घ्यायचा, म्हणजे आपलं कोण अजून आलेलं नाही ते कळतं आणि दुपारी त्यांची दारं ठोठावता येतात. शेजारच्या खुर्चीवर लाल फीत लावून डग्लस यॅक्सली हेच काम करायचा. पक्ष एकमेकांचे हाडवैरी. पण एकाला उठावं लागलं तर दुसऱ्याने त्याच्याही वहीत क्रमांक लिहायचे, आणि प्रामाणिकपणे लिहायचे, हा आमच्याकडचा रिवाज.

"यंदाही हरायला आलात, मिस्टर यॅक्सली?"

"हरतो, पण वेळेवर येतो. आल्याचा केक आणलाय ना? नाहीतर मी आत्ताच घरी जातो."

"केक जिंकणाऱ्यांसाठी आहे."

"मग दोन तुकडे द्या. एक पुढच्या वर्षीचा, आगाऊ."

पुढचं वर्ष असायचंच. वेल्डमार्श जिल्हा परिषदेच्या एकतृतीयांश जागांची निवडणूक तीन वर्षं दर मे महिन्यात होई. चौथ्या वर्षी काउंटीची, म्हणजे जिल्ह्याच्या वरच्या परिषदेची, निवडणूक येई, तेव्हा डग्लसला दुसऱ्या गावी पाठवत. त्या वर्षी बेरिलला हिवाळा संपलाच नाही असं वाटे.

अशी एकोणीस वर्षं गेली. बेरिल खाटकाची विधवा, डग्लस शाळेच्या बसचा निवृत्त ड्रायव्हर. त्याचं कोल्डवेल गाव चौदा मैलांवर, बस थेट जाते. पण आमची माणसं अशी, की भेटायला कारण लागतं, आणि आवडणं हे कारण होत नाही. त्याची बायको वारली, तेही त्याने दोन मतदारांच्या मधल्या वेळात सांगितलं. बेरिल म्हणाली, "फार वाईट झालं," आणि थर्मासमधला चहा त्याच्यापुढे केला. घरी येऊन मात्र ती रडली, आणि कशासाठी ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

मग एका शरद ऋतूत तिच्याच पक्षाने ठरवलं, दरवर्षी कसल्या निवडणुका? चार वर्षांतून एकदाच सगळ्या जागांची घ्या. त्यावर परिषद लोकांची लेखी मतं मागवणार होती. पत्रकांचा गठ्ठा बेरिलकडे आला. पक्षाचं काम म्हणजे काम. पावसात भिजत तिने सहाशे पत्रकं दारोदार टाकली, एकही न वाचता. शेवटचं उरलं ते चहा पिताना वाचलं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतल्याचं तेव्हा तिला कळलं.

डिसेंबरात परिषदेने ठराव मंजूर केला. जानेवारीत वाचनालयाच्या टेबलावर अहवाल पडला होता. एक्केचाळीस लोकांनी उत्तरं दिली होती. नावं नव्हती, फक्त गावं. बहुतेकांनी होय म्हणून कारणही दिलं नव्हतं. बेरिल पानं उलटत गेली.

"उत्तर सत्ताविसावं, कोल्डवेल. माझा विरोध आहे. वर्षातून एकदा मला एका बाईंच्या शेजारी सहा तास बसायला मिळतं. मी उरलेलं वर्ष त्यावर काढतो. कृपया हे बंद करू नये."

तिने ते तीनदा वाचलं. एवढी भित्री कशी गं मी, असं तिला वाटलं, आणि तोही कसला भित्रा, की मनातलं सांगायला परिषद गाठली. पत्र लिहावं असं रोज मनात यायचं. पण मे आहेच की, समोर बसूनच सांगू, म्हणत तिने दिवस मोजले.

मे आला. तिने केक भाजला, दोन कप घेतले, पावणेसातलाच जाऊन बसली. सात वाजता लाल फीत लावलेला एक टकला गृहस्थ शेजारच्या खुर्चीवर टेकला.

"मिस्टर यॅक्सली?" तिने विचारलं.

"डग्लस? तो कोल्डवेललाच बसलाय. यंदा सगळ्याच जागा, बाई, आणि आमची माणसं किती? ज्याला त्याला आपापल्या गावी बसवलंय. वैतागलाय बिचारा. सकाळी फोनवर मला म्हणाला, ऑटरिंगला केक मिळेल, माझाही तुकडा खा."

बेरिलने कागदात गुंडाळलेल्या केककडे पाहिलं. पुढची निवडणूक चार वर्षांनी. ती एकोणऐंशीची, तो ब्याऐंशीचा. सभागृहातून म्हातारे मिस्टर पामर मत देऊन बाहेर आले आणि सवयीने तिच्यापुढे थांबले.

"दोनशे चौदा," ते म्हणाले.

तिने क्रमांक लिहिला आणि वही, पेन्सिल टकल्या गृहस्थाच्या मांडीवर ठेवली.

"माझेही तुम्हीच लिहा."

"लिहितो की. किती वेळ लागेल?"

"आज नाही यायची मी," बेरिल म्हणाली. थर्मास काखेत मारून, केक छातीशी धरून ती कोल्डवेलच्या बसथांब्याकडे निघाली. निळी फीत काढायचं तिच्या ध्यानातही आलं नाही.