खडूच्या रेघेपुढे

दादाच्या कानाची परीक्षा मी खोटी केली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही.

पन्नास सालानंतर काही वर्षं मी बारामतीत एका डॉक्टरांकडे कंपौंडर होतो. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो नरसिंहपूरला संगमावर नाव चालवायचा. पलीकडून हाक आली की नाव सोडायची, हाच धंदा. त्याचा उजवा कान लहानपणीच वाहून वाहून निकामी झाला होता. एका हिवाळ्यात सर्दी मुरली आणि डावाही बसला.

नाकामागून कानात एक बारीक नळी जाते, ती बुजली होती. आम्ही वाफारे आणि नाकात थेंब देत होतो. गुण येत नव्हता. तेवढ्यात डॉक्टरांनी पुण्याहून रबरी फुगा आणला. रोग्यानं तोंडात पाण्याचा घोट धरायचा, एका नाकपुडीत फुग्याचं टोक, दुसरी दाबलेली. "गीळ" म्हटलं की फुगा दाबायचा. हवा नळीतून कानात जाते.

"नवीन आहे म्हणून चांगलं, असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आपली माणसं भिडेखातर 'फरक हाय' म्हणतात. तेव्हा विचारायचं नाही, तपासायचं. फरक नसेल तर नाही म्हणा. मग पुण्याला पाठवू, तिथं कान उघडून बघतील."

फरशीवर त्यांनी खडूनं रेघ ओढली. रोगी पाठमोरा बसायचा. मी रेघेवरून नुसत्या श्वासानं गावाचं नाव घ्यायचो; त्यानं ते परत सांगायचं.

फुगा दाबला की दादाच्या कानात फट् व्हायचं, तो हसायचा, आणि दुसऱ्या दिवशी कान पुन्हा बंद. शेवटच्या तपासणीला डॉक्टर आत एकाचं गळू फोडत होते. मी रेघेवरून 'पळसदेव' म्हणालो. दादा गप्प. 'इंदापूर' म्हणालो. गप्पच.

तो पुण्याला गेला असता तर नाव मला चालवावी लागली असती. उन्हातान्हात वल्हं मारायचं, आणि इथली जागा दुसऱ्याला जायची. आणखी एक होतं. फुगा मी दाबत होतो. गुण आला तर तो माझ्या हाताचा. मी अनवाणी होतो. रेघ ओलांडून त्याच्या खांद्यापाशी गेलो आणि म्हणालो, 'लोणी.'

"लोणी!" दादा ओरडला.

आत जाऊन सांगितलं, "ऐकू आलं." डॉक्टरांनी माझ्यावर विश्वास ठेवला. पुण्याचं राहिलं. त्यानंतर येईल त्या बुजलेल्या कानाला आम्ही फुगाच लावला.

एस.टी.ची वाट बघताना दादा खुशीत होता. म्हणाला, "तुझ्या फुग्यात जादू हाय बग. कानच न्हाय, नाकबी उघडलं. मगाशी तुझ्या अंगाचा औषधाचा वास कसा अगदी खांद्यापासनं आला!"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. गाडी आली, त्याला बसवून दिलं.

त्या पावसाळ्यात पलीकडच्या काठावर माणसं हाका मारमारून थकायची. नावाडी माजलाय, असं गाव म्हणू लागलं. पुढं गावानं नाव दुसऱ्याच्या हाती दिली. फार उशिरा मी त्याला पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, पडदा आत चिकटलाय, आधी आणायला हवं होतं. दादाला ते ऐकू आलं नाही. मला विचारलं, "काय म्हंत्यात?" मी हातानंच 'काही नाही' केलं.

डॉक्टर आता नाहीत. त्यांना खरं सांगायचं देणं तसंच राहिलं. दादा आहे. त्याला लिहिता-वाचता येत नाही, म्हणजे हे लिहून त्याच्यापुरतं काहीच फिटलं नाही. त्याला सांगायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागेल, आणि ते सगळ्या आळीला ऐकू जाईल.

मी रेघ ओलांडली होती, एवढं त्याला ओरडून सांगायचं मी देणं लागतो.