नमुन्याला पाठवलेलं पाकीट

मेडशीच्या थांब्यावर पुण्याची ट्रॅव्हल्स जेमतेम पाच मिनिटं थांबते. त्या पाच मिनिटांत मायनं खिडकीखाली उभं राहून सगळं घर तोंडानं भरून दिलं. "जवसाची चटनी घेतली काय? पांघरून? चार्जर? वैशे, लोनच्याची बरनी उभी ठेवजो, तेल सांडन!" अख्खी बस ऐकत होती. "घेतलं व माय, सगळं घेतलं," असं मी दातओठ खात म्हणत होते. बाबा मोटरसायकलला टेकून उभे होते, ते फक्त म्हणाले, "पोचली का फोन करजो."

खरं सांगते, तेव्हा मला रडू आलं नाही. भाजी पिकवणाऱ्या घरातली पोट्टी बीएस्सी ॲग्री होऊन पुण्याला नोकरीला निघाली होती, मी काय म्हणून रडेन? बस सुरू झाल्यावर मी मायकडे पाहिलंही नाही, सीटची पाठ कशी मागे पाडायची ते पाहत बसले. त्या न पाहण्याची चुटपुट अजून जात नाही. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे तिथंच वाफ्यांना पाणी देत राहिलात. आणि तुमच्यासाठीही, जे माझ्यासारखे ऐटीत खिडकीशी बसून निघून आले.

नोकरी कसली, तर भाजी तपासायची. मोबाईलवरून घरपोच भाजी विकणाऱ्या एका कंपनीचं गोडाऊन, त्यात मी क्वालिटी चेकर. डोक्याला जाळी, हातात ग्लोव्हज, अंगात कंपनीचं जाकीट. क्रेट यायचे, बारकोड स्कॅन करायचा, पिवळं पान दिसलं की रिजेक्ट. आमच्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पहिल्या दिवशी मी "सांबाराचा क्रेट" म्हणाले तर सुपरवायझरनं विचारलं, "इडली कुठाय?" मीही हसले. पण खरी गंमत पुढेच होती. त्या थंड खोलीत सांबाराला वासच यायचा नाही. बाबांच्या वावरात सकाळी जुड्या बांधल्या की दुपारी जेवताना हाताला वास असायचा, पोळीलाही यायचा. इथं दिवसाला शेकडो जुड्या हाताखालून जायच्या आणि हात कोरडे. बाबांनी ज्या जुड्या वाशीमच्या बाजारात मानानं विकल्या असत्या, त्या मी रिजेक्ट करत होते.

दीड वर्ष असं काढलं. मग हळूहळू काहीतरी बिघडत गेलं. भूक मेली. पहाटेच जाग यायची आणि आज उठायचं कशाला हा प्रश्न छातीवर बसायचा. आंघोळ करायचाही कंटाळा. एके दिवशी मेथीचा क्रेट उघडला आणि कारण नसताना रडायला लागले, थांबताच येईना. शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीनं हात धरून डॉक्टरांकडे नेलं. मनोविकारतज्ज्ञ होत्या त्या. मी त्यांना बाईच म्हणते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि नैराश्याचा आजार आहे, असं सरळ सांगितलं. मला वाटलं होतं, मला फक्त गावाची आठवण येते.

बाईंनी गोळी लिहून दिली आणि शाळेत पाढे घेतात तशा सूचना पाठ करून घेतल्या. रोज ठरल्या वेळी, नाश्ता झाल्यावर. एखाद्या दिवशी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. सुरुवातीला मळमळेल, घाबरायचं नाही. पण मन आणखी बिथरलं, जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर त्याच दिवशी फोन करायचा. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं बंद करायची नाही. अंगदुखीची साधी गोळीसुद्धा विचारल्याशिवाय घ्यायची नाही, दोन्ही मिळून पोटात रक्त जाऊ शकतं, परसाकडे काळी होते. आणि जिच्या नावानं चिठ्ठी, गोळी तिचीच. हे शेवटचं मी नीट ऐकलंच नाही. माझी गोळी दुसरं कोण घेणार होतं?

"गुण यायला काही आठवडे लागतील," बाई म्हणाल्या, तेव्हा बाबांचं बोलणं आठवलं. लहानपणी मी पालकाचं बी उगवलं का म्हणून माती उकरायचे आणि ते ओरडायचे, "पेरलं की उकरून पाहू नाही!" मी उकरलं नाही. महिन्याभरानं एका सकाळी लक्षात आलं की आपण चहा पिताना गुणगुणतो आहोत.

त्या भादव्यात महालक्ष्म्यांना घरी गेले. आमच्याकडे महालक्ष्म्यांना सोळा भाज्यांची एक भाजी करतात, आणि आमच्या घरी त्या सोळाही वावरातल्या, असा मायचा तोरा. मी भाज्या चिरत होते आणि हसत होते. न्याहारी झाल्यावर गोळी घेतली तर मायनं पाहिलं. "कायची गोळी व?"

"ताकतीची," मी म्हणाले.

का खोटं बोलले? घरात सोयरिकीचं बोलणं चाललं होतं. मनाची गोळी खाते असं एका बाईच्या कानावर गेलं की मेडशीपासून अनसिंगपर्यंत पोचायला बाजाराचा एक दिवस पुरतो. आणि मायला काय वाटेल? आम्ही पोटाला चिमटा घेऊन शिकवलं आणि हिचं मनच लागेना? हे सगळं एका शब्दात झाकून टाकलं. माय म्हणाली, "बरं हाये. तोंडावर तेज आलं तुह्या."

दुसरी चूक त्यावर कडी करणारी. चौथ्या दिवशी वाटलं, दुखणं होतं ते घर सुटल्याचं. आता घरी आहे, मायच्या हातचं खाते आहे, मग गोळी कशाला? निघताना एक कोरं आणि एक अर्धं पाकीट भिंतीतल्या देवळीत, हळदीकुंकवाच्या करंड्यामागे सारलं आणि हात झटकून बसमध्ये बसले. पुण्याला चार दिवसांत चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखे झटके, आणि सगळ्यांवर खेकसणं. बाईंनी कान उपटले. बंद करायची वेळ आली की डोस हळूहळू उतरवायचा असतो, ते मी ठरवेन, म्हणाल्या. नवीन पाकिटं घेऊन गाडी रुळावर आली आणि देवळीतली पाकिटं मी साफ विसरले.

तीनेक आठवड्यांनी रविवारी मायचं पार्सल आलं. तीच ट्रॅव्हल्स, ड्रायव्हरच्या ओळखीनं. नगर रोडच्या थांब्यावरून कट्टा, म्हणजे पोतं, उचलून खोलीवर आणला आणि तोंड सोडलं, तर सांबाराचा असा वास सुटला की मी क्षणभर तिथंच फरशीवर बसले. वांगी, पालक, तुरीची डाळ. आणि डाळीच्या पिशवीत लाल दोऱ्यानं बांधलेलं गोळ्यांचं रिकामं पाकीट.

आधी हसूच आलं. आमच्या घरात वस्तूचं नाव कोणी लक्षात ठेवत नाही. बियाण्याचं रिकामं पाकीट जपून छपराच्या बांबूत खोचतात आणि पुढच्या हंगामाला कृषी केंद्रात तेच दाखवून म्हणतात, ह्या नमुन्याचं द्या. मग पाकिटावरचं नाव वाचलं. ती माझी गोळी होती. फोन लावला.

"माय, हे कायचं पाकीट धाडलं?"

"नमुना हाये व. तुह्या ताकतीच्या गोळ्या. संपल्या परवा. असेच दोन पाकिटं धाडजो, इथचा मेडिकलवाला चिठ्ठी मांगते."

"कोनं खाल्ल्या?"

"म्या. रोज एक, न्याहारी झाल्यावर, तू घे तशी. एक दिस नाही चुकवली." तिच्या आवाजात पहिल्या नंबरानं पास झाल्याचा आनंद होता. "गुन काई अजून आला नाही. पर येईन. पेरलं की उकरून पाहू नाही, तुहा बाप म्हन्ते ना."

मी शिकलेली, मी गोळी मधेच सोडली. माझ्या अडाणी मायनं ती एकही दिवस चुकवली नव्हती. फक्त गोळी तिची नव्हती.

मग बाईंच्या पाढ्यातली ओळ आठवली. मायचे गुडघे दुखतात, वर्षानुवर्षं ती मेडिकलमधून आणून दुखण्याच्या गोळ्या खाते. "गुडघ्याच्या चालू हायेत काय?"

"त्या तं हायेतच. सकाळ-संध्याकाळ."

"पोट दुखते?"

"जराशी जळजळ करते."

"परसाकडे कशी होते?" ती वांगी चेपली का ते विचारायला लागली. "माय, बोल ना व!"

"दोन दिसापासून काळंशार होऊन राह्यलं. म्हनलं, पालक लय खाल्ला."

बाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, पोटात रक्त जात असेल, आजच्या आज दवाखान्यात न्या, कोणकोणत्या गोळ्या घेतल्या ते दाखवा. बाबा वाशीमच्या बाजारासाठी माल भरत होते. मी त्यांना सगळं सांगितलं. ताकतीची नव्हती, नैराश्याची होती, मी खोटं बोलले. बाबांनी एकच विचारलं, "पाकीट तं तुह्यापाशी गेलं, डाक्टरले दाखवू काय?" मी फोटो पाठवला. भरलेला माल तसाच ठेवून ते मायला घेऊन निघाले.

मी दुपारची बस धरली. त्या प्रवासात मी देवाला काय काय कबूल केलं ते इथं लिहीत नाही, फिटेल असं वाटत नाही. माझ्या एका खोट्या शब्दानं माय गेली असती, तर मी कुठल्या तोंडानं त्या थांब्यावर उतरले असते?

सकाळी वाशीमच्या दवाखान्यात पोचले तर माय सलाईन लावून पडली होती आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईला वांग्याच्या भरीताची रीत सांगत होती. मी तिच्या पायाशी बसून हमसून हमसून रडले. डॉक्टर म्हणाले, गुडघ्याच्या गोळ्यांनी पोटात आधीच जखम केली होती, त्यात ह्या गोळीची भर पडली की रक्त जायचा धोका वाढतो. वेळेवर आणलंत.

डॉक्टर गेल्यावर मी म्हणाले, "माय, ती गोळी ताकतीची नोहे. मनाची हाये. मले लय उदास वाटत व्हतं पुन्याले. मरून जावं वाटे."

मायनं सलाईन नसलेल्या हातानं माझी हनुवटी वर केली. "मंग मले काहून नाही सांगतलं? मायची लाज वाटली काय तुले?"

मीच उलटून विचारलं, "तू काहून खाल्ली व?"

"तुह्या तोंडावर हासू आलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनलं, कशानं आलं हे? तू गेल्यापासून संध्याकाळी चूल पेटवाचं मनच नाही होत. दोघायचा सैपाक तो केवढाक. ताट वाढलं का तुही जागा दिसते. वावरात जीव नाही लागत, बाजारात नाही लागत. तुह्या बापाले काय सांगू? म्हनलं, पोट्टीले गुन आला तं मलेबी येईन."

बाबा दाराशी उभे होते. ते पाठ फिरवून बाहेर गेले आणि बऱ्याच वेळानं डोळे धुऊन, तीन चहा घेऊन आले. इतके दिवस मला वाटत होतं, गाव माझ्यातून तुटलं. मीही गावातून तुटले होते आणि त्या जागी माझ्या मायचं रक्त गेलं.

पोटातली जखम भरून आल्यावर मायला वाशीमलाच मनाच्या डॉक्टरांकडे नेलं. तिची चिठ्ठी वेगळी, गोळी वेगळी, डोस वेगळा. गुडघ्यांना आता व्यायाम आहे, तो करताना ती डॉक्टरला शिव्या घालते. पण रोज सकाळी न्याहारी झाल्यावर फोन येतो. आधी हालहवाल नाही, काही नाही. "घेतली काय व?" मी म्हणते, "घेतली. तुही?" मग दोन्हीकडून पाण्याचा घोट ऐकू येतो आणि त्यानंतर वांग्याचे भाव, शेजारणीची भांडणं. तिच्या मागे मोटारीचं पाणी वाफ्यात पडत असतं. तेवढं ऐकायला मी कधी कधी बोलणं लांबवते.

मागच्या खेपेला गेले तर देवळीतल्या करंड्यासमोर दोन डब्या ठेवलेल्या, मागे नाही, समोर. एकीला लाल दोरा, एकीला हिरवा. "लाल तुही, हिरवी माही," माय म्हणाली. "भाजी वाटून खाव, गोळी नाही." घराची ओढ कमी झाली म्हणाल तर नाही. अजूनही गोडाऊनमध्ये क्रेट उघडला की आधी नाकाशी जुडी धरते, येत नसला तरी वास शोधते. पण घरी पोचलं की बरं वाटेल, ही आशा मी आता सोडली आहे. घर म्हणजे मला आता ती देवळी आहे, जिथं मला काही करंड्यामागे लपवावं लागत नाही.

परवा परत निघाले. थांब्यावर निम्मी मेडशी उभी होती, त्यात गेल्या वर्षी मला नाकारून गेलेल्या स्थळाची आत्यासुद्धा. बस आली, मी खिडकीशी बसले. माय खाली आली, पदर खोचला आणि पूर्वीच्याच आवाजात ओरडली, "वैशे, मनाची गोळी घेतली काय?"

सगळ्यांच्या माना वळल्या. मी खिडकीतून अर्धी बाहेर वाकले.

"घेतली व माय! अन् तुही?"

"माही हिरवी घेतली, न्याहारी झाल्यावर!"

बस हलली. या वेळी मी ती दिसेनाशी होईपर्यंत तिच्याकडेच पाहत होते.