आईच्या पायाशी सत्तावीस डिग्री

आधीच सांगते, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही. बालाघाटच्या एका शाळेत वीस वर्षांपासून विज्ञान शिकवते. त्यात आम्ही बौद्ध. बावीस प्रतिज्ञा बैठकीत फ्रेम करून लावलेल्या, तेव्हा उतारा, अंगात येणं, बाहेरची बाधा... हे प्रकार आमच्या दारातूनच परत जातात. शेजारीण लिंबू-मिरची बांधायला आली तर मी म्हणते, मिरची ठेव तुझ्याकडे, लिंबू दे, सरबत करते. या सदरातले अनुभव वाचून आजवर फक्त नाक मुरडलं. आणि आता मीच लिहायला बसले आहे! आमची मराठी इकडची, हिंदीत भिजलेली. सांभाळून घ्या.

तर, माझी आई. वय शहात्तर. बाबा उकव्याच्या मॅंगनीज खाणीत टिप्पर चालवायचे. ते जाऊन चार वर्षं झाली. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांनी आईला शब्द दिला होता, "तुले बोधगयेले नेतो." मग कधी सुट्टी मिळाली नाही, कधी आम्ही मुलं आजारी, कधी आजी. रिटायर झाले तर त्यांचा दमा. राहूनच गेलं. बाबा गेल्यावर आई एकदाच बोलली, "बेबी, मले तेवढं झाड पाहाचं आहे." बेबी म्हणजे मी. पन्नाशीला आली तरी बेबीच.

अडचण आईच्या पायांची. रक्त नीट फिरत नाही. जरा थंडी लागली की बोटं निळी पडतात आणि अशा कळा येतात की ती ओठ चावून बसते. उन्हाळ्यात न्यायचं तर बीपी, डॉक्टरांनी साफ मनाई केलेली. ट्रेनमध्ये बसवलं होतं एकदा, तर बाई संडास पाहून गाडी सुटायच्या आधीच खाली उतरली! राहिला हिवाळा, मला शाळेच्या सुट्टीत जमणारा. डॉक्टर म्हणाले, पाय गरम ठेवा, मग घेऊन जा. आणि जायचं तर याच एक-दोन वर्षांत, हेही म्हणाले.

माझे मिस्टर प्रमोद. राईस मिलच्या मशिनी दुरुस्त करतात, त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू आपण दुरुस्त करू शकतो असा त्यांचा समज आहे. त्यांनी लग्नाच्या वराती वाहून थकलेली एक जुनी ट्रॅव्हलर मिनीबस आणली आणि मागच्या सीटा काढून तिचं घर केलं. पलंग, छोटा ओटा, पाण्याची टाकी, कोपऱ्यात संडास. हे तिला मोटरहोम म्हणायचे. आई म्हणायची, डब्बा.

पहिल्या हिवाळ्यात निघालो आणि नैनपूरहून परत आलो. काय सांगू, पलंग अर्धा फूट आखूड. गाडी वळली की टाकीतलं पाणी गादीवर. प्लायवूडची कपाटं अशी करकरायची की बोलणं ऐकू येत नव्हतं. सरकत्या दरवाजाच्या फटीतून वारा, गिअरच्या दांड्याखालच्या भोकातून वारा. आणि हीटर! गाडी उभी असताना कोमट हवा द्यायचा, रस्त्याला लागली की गारढोण. आई पुढच्या सीटवर दोन चादरी पायांना गुंडाळून बसलेली. नैनपूरला पाहिलं तर डोळ्यांतून पाणी गळत होतं.

"आई, सांगितलं काहून नाही?"

"तुम्ही परत फिरवसान म्हणून."

फिरवलीच. मी प्रमोदवर एवढं तोंडसुख घेतलं की बिचाऱ्यानं दोन दिवस गाडीकडे पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी कामाला लागले. पलंग लांबवला, दरवाजाला रबराची पट्टी मारली, फरशीखाली फोमची शीट टाकली, गिअरजवळचं भोक बुजवलं, पुढचा भाग गरम राहावा म्हणून सीटांच्या मागे जाड पडदा लावला. हीटर मात्र त्यांच्या आवाक्याबाहेर होता. तो रज्जू मिस्त्रीकडे गेला. रज्जूनं इंजिन उघडलं आणि कपाळावर हात मारला. "भाभीजी, इसमें तो थर्मोस्टॅटही नहीं है. किसीने निकालके फेक दिया."

आमच्याकडे ही पद्धतच आहे. एप्रिल-मेमध्ये घाटात गाडी तापून उभी राहू नये म्हणून मिस्त्री लोक इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारा थर्मोस्टॅट काढून टाकतात. काही जण तर इंजिनाचं गरम पाणी हीटरला नेणाऱ्या नळ्यासुद्धा काढून एकमेकींना जोडून देतात, गळायची भानगडच नको. इंजिन थंड राहतं, सगळे खूश. पण मग इंजिन हिवाळ्यातही थंडच, आणि हीटर म्हणजे नुसता पंखा. रज्जूनं नवीन थर्मोस्टॅट बसवला, नळ्या साफ केल्या, पाण्यातली हवा काढली. बैहर रस्त्यावर ट्रायल घेतली तर तिघांनाही घाम! आईनं स्वेटर काढलं. प्रमोदनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू रॉकेट सोडलं आहे.

निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंगला गाडी परत रज्जूकडे दिली आणि जानेवारीत सकाळी आठला निघालो. वैनगंगेवर धुकं, पुलाचं पलीकडचं टोक दिसेना. प्रमोद स्टिअरिंगवर, आई त्यांच्या डाव्या बाजूच्या सीटवर, मी पडद्याच्या मागे पलंगावर.

लामटा गावाच्या अलीकडेच प्रमोद म्हणाले, "अगं, हवा थंड येऊन राह्यली."

मी ताडकन उठले. पडदा सारून आईला विचारलं. आई म्हणाली, "मले तर गरम होऊन राह्यलं व."

मला वाटलं, परत सहन करते आहे. वाकून तिच्या पावलांना हात लावला... उबदार. चुलीजवळ बसलेल्या माणसाचे असतात तसे. बोटं गुलाबी. आणि प्रमोदच्या पायाशी हात नेला तर फ्रिज!

मी विज्ञानाची मास्तरीण. शाळेच्या लॅबमधला थर्मामीटर मुद्दाम सोबत आणला होता, आईच्या पायांवर लक्ष ठेवायला. लावला. आईच्या पायाशी सत्तावीस. प्रमोदच्या पायाशी तेरा. मधे हातभर अंतर. मी म्हटलं, हवेची नळी एकाच बाजूला उघडी असेल. हीटरच्या जाळीवर हात धरला. दोन्हीकडून थंड वारा! मग म्हटलं, इंजिनाची उष्णता. पण इंजिन तर दोघांच्या मधोमध आहे.

जबलपूरच्या पुढे एका ढाब्यावर चहाला थांबलो तेव्हा मी प्रयोग करायचं ठरवलं. आईला मागे पलंगावर झोपवलं, मी तिच्या सीटवर. मागे हीटरची जाळीच नाही, हवा जायला रस्ताच नाही, पडदा ओढलेला. वीस मिनिटांत माझे पाय बधीर झाले. बारा डिग्री. पडदा सारून मागे गेले, आईच्या पायाशी थर्मामीटर ठेवला.

सत्तावीस.

खरं सांगते, मी तो उचलून परत ठेवून पाहिला, तेवढेच. तिचे पाय चादरीबाहेर होते. बाई शांत झोपली होती, तोंड अर्धं उघडं. मी तिथेच खाली बसले. भीती नाही वाटली, उलट रडू आलं, का ते माहीत नाही. प्रमोदला सांगितलं तर म्हणाले, "थर्मामीटर खराब असेल." स्वतःच्या काखेत लावून पाहिला. बरोबर होता.

तीन दिवसांचा रस्ता. रीव्याला धुक्यात समोरच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसायचे. बनारसच्या पुढे मला सर्दी, प्रमोदला खोकला. आई ठणठणीत. मी दर तासाला आकडे वहीत लिहीत होते. सव्वीस, सत्तावीस, सत्तावीस. ती चिडायची, "राहू दे न व ते काचनळी. सुखानं बसू देशीन का नाही?"

बोधगयेला ती झाडाखाली तासभर बसली. वंदना म्हटली, मग नुसतीच बसून राहिली. मी आणि प्रमोद थोडं लांब बसलो होतो. तिचे ओठ हलत होते, पण ते पाठांतर नव्हतं, कुणाशी बोलावं तसं होतं. उठताना माझा हात धरला आणि म्हणाली, "झालं बापा." चेहरा असा काही उजळला होता की मी प्रमोदचा फोन ओढून घेऊन फोटो काढला.

आणि परतीच्या वाटेवर, पहिल्या तासातच, तिची बोटं निळी पडायला लागली. थर्मामीटर लावला. अकरा. ढाब्याढाब्यावर गरम पाण्याची पिशवी भरून घेत, जास्त मुक्काम करत कसेबसे घरी आलो. गंमत म्हणजे या वेळी तिनं एकदाही ओठ चावले नाहीत. दुखतं का विचारलं तर म्हणायची, "दुखते न. दुखू दे."

घरी आल्यावर मी तडक रज्जूकडे. माझा आवाज चढलेलाच होता. म्हटलं, भैया, कैसा हीटर बनाया? त्यानं गाडी उघडली, आत वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही. मग कान पकडून उभा राहिला.

"भाभीजी, गलती हो गई. सर्व्हिसिंग में नली बदल रहा था... आदत से हाथ चल गया. अम्माजी को लेके घाट में गाड़ी गरम न हो, यही दिमाग में था. थर्मोस्टॅट निकाल दिया, हीटर की नली भी बायपास कर दी. फिर याद ही नहीं रहा."

मी स्वतः वाकून पाहिलं. इंजिनातून हीटरकडे जाणारी नळी वळवून परत इंजिनालाच लावलेली होती. म्हणजे निघाल्यापासून परत येईपर्यंत त्या हीटरमध्ये गरम पाण्याचा एक थेंब गेला नव्हता. जाताना नाही, येताना नाही.

संध्याकाळी आईजवळ वही घेऊन बसले. तिला सगळं समजावलं, नळी, थर्मोस्टॅट, सत्तावीस, अकरा. वाटलं, घाबरेल. ती मटर सोलत होती, सोलतच राहिली.

"तुले आत्ता समजलं?" म्हणाली. "मले तं लामट्यालेच समजलं होतं."

"काय समजलं?"

तिनं जावई घरात नाही ना हे पाहून घेतलं. मग आवाज एकदम खाली.

"तुहे बाबा माहे पाय धरत. थंडीचे. खाणीतून आले का आंघोळ करत, तेल गरम करत अन् दोनही पाय मांडीवर घेऊन बसत. दार लावून बरं! बायकोचे पाय दाबते म्हणून लोकं हसतीन, तुही आजी बोलन... कोनाले दिसू दिलं नाही कधी. तुम्हा पोरायलेही नाही. चाळीस वर्षं."

त्याच घरात लहानाची मोठी झाले, आणि मला पत्ता नाही!

"अन् गाडीत पाहा," आई म्हणाली, आणि तिचे कान लाल झाले, खरंच लाल झाले. "जावईबापू बाजूले बसले अन् हा मानूस पाय सोडायलेच तयार नाही. मी मनात म्हणो, अहो, सोडा, कोनी पाहीन. सोडतच नव्हते. लाजेनं मेली मी तीन दिवस."

"मग येताना?"

"येताना कायले येतीन? नेतो म्हणले होते. नेलं."

तिनं मटरचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि हसली, नवी नवरी हसते तशी. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि नळ सोडून पोटभर रडले.

रज्जूनं परत सगळं जोडून दिलं आहे, एक पैसा घेतला नाही. हीटर आता छान चालतो, तिघांनाही सारखाच. वहीतले आकडे मी शाळेतल्या फिजिक्सच्या सरांना दाखवले, त्यांनी दोन दिवस ठेवून, बाजूला एक प्रश्नचिन्ह काढून परत दिले. मेंदूतून सूचना गेली, रक्त वाढलं, असं म्हणाल तर पावलं गरम होतील हो, पण शेजारची हवा सत्तावीस डिग्री कशी? तुमच्यापैकी कुणाला कारण माहीत असेल तर मला जरूर लिहा. फक्त आईला सांगू नका.