शेजारी ठेवायची किल्ली

२०१९ साली मला न्यूझीलंडचा नागरिक होऊन सहा वर्षं झाली होती, मुदत संपलेला पासपोर्ट नुकताच नवा करून घेतला होता आणि अंगात जरा वारं शिरलं होतं. बाबा तरुणपणी लष्करात, मणिपूरला होते. "शेवटचं एकदा बघून येऊ," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पुण्याहून इम्फाळला या, मी म्यानमारमधून, जमिनीवरून सीमा ओलांडून येतो. सरळ विमानाने जाईल तो मी कसला!

म्यानमारमधल्या तमूहून पूल ओलांडून सकाळीच मणिपूरच्या हद्दीतल्या मोरेला पोचलो. गाठोडी घेतलेल्या सीमेलगतच्या गावांतल्या बायका पास दाखवून भराभर पलीकडे जात होत्या. परदेशी असा मी एकटाच. अधिकाऱ्याने माझा नवा पासपोर्ट पाहिला, भारतीय वंशाच्या लोकांना मिळतं ते आजन्म व्हिसाचं कार्ड पाहिलं आणि विचारलं, "पुराना पासपोर्ट?" कार्डावर नंबर त्या जुन्या पासपोर्टचा होता. दोन्ही पासपोर्ट बरोबर ठेवायचे, हे आम्हा लोकांना तोंडपाठ असतं. आणि या दीडशहाण्याचा जुना पासपोर्ट तिकडे न्यूझीलंडच्या घरी, पोरिरुआत, स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये!

माणूस भला होता. स्वतःचा फोन पुढे करत म्हणाला, "घर पे किसी को बोलिए, फोटो भेज दे. मैं ऊपर पूछता हूँ."

मी फोन हातात घेतला. कोणाला करणार? ऑफिसातल्या कोणी माझं घर पाहिलेलं नव्हतं. शेजारचे आजोबा रोज कुंपणावरून 'किया ओरा' म्हणून माओरी नमस्कार करायचे, मीही करायचो. त्यांचं नावसुद्धा मला ठाऊक नव्हतं, नंबर तर दूरच. आणि घराची किल्ली एकच, माझ्या खिशात. इतकं एकटं मला कधीच वाटलं नव्हतं. शेवटी बाबांनाच फोन लावला. इम्फाळच्या लॉजवर ते बूट घालून तयार बसले होते.

"शेजारी किल्ली नाही ठेवलीस?"

"नाही, बाबा."

"बारा वर्षं राहतोयस ना रे तिथे?"

पुण्यात आमच्या मजल्यावरच्या सगळ्यांच्या किल्ल्या एकमेकांकडे असतात. कार्ड, व्हिसा यातलं बाबांना काही कळलं नाही, एवढं मात्र नेमकं कळलं. म्यानमारने मला परत घेतलं, हेच नशीब. बाबा इम्फाळ एकटेच फिरले.

पोरिरुआला आल्यावर आधी दुसरी किल्ली करून घेतली. ती घेऊन दोनदा कुंपणापर्यंत गेलो. आजोबा 'किया ओरा' म्हणाले, मीही म्हणालो आणि परत घरात आलो.

रविवारी ती किल्ली अजून माझ्याच ड्रॉवरमध्ये होती. फोनवर बाबांना सांगितलं, किल्ली दिली म्हणून.

"आता मला घोर नाही," ते म्हणाले.