माशांची कणीक

आमच्या घरी रविवारी दोनदा कणीक मळली जायची. एकदा माणसांची आणि एकदा माशांची. माणसांच्या कणकेबद्दल कुणी कधी ब्र काढला नाही. चपाती वातड झाली तरी गपगुमान खाल्ली जायची. माशांच्या कणकेची मात्र कडक तपासणी व्हायची. हे त्यात बोट खुपसून बघायचे, नाकाशी न्यायचे, चिमूटभर तोडून वाटीतल्या पाण्यात टाकायचे आणि मग निकाल लागायचा.

"सैल हाय. पाण्यात पडली की इरघळतीया."

"मग तुम्हीच मळा की," मी म्हणायची.

ते कधी मळायचे नाहीत. परात माझ्याकडं सरकवायचे आणि दारात बसून गळाच्या दोऱ्याची गुंतवळ सोडवायला घ्यायचे. त्या दोऱ्याला आमच्याकडं तंगूस म्हणतात. नायलॉनचा, पाण्यात दिसत नाही आणि घरात पायात अडकल्याशिवाय राहत नाही.

हे म्हणजे माझे मालक. उचगावजवळच्या एका फौंड्रीत कामाला होते. आठवडाभर भट्टीसमोर उभं राहायचं आणि सुट्टीला पाण्यासमोर बसायचं, असा त्यांचा हिशेब. मी घरी शिलाई मशीन चालवायची. नवीन लग्न झालं तेव्हा मला वाटलं होतं, नवरा रविवारी रंकाळ्यावर भेळ खायला नेईल. यांनी पहिल्याच रविवारी माझ्यापुढं परात ठेवली आणि शेंगपेंड, म्हणजे शेंगदाण्याचं तेल काढून उरलेला चोथा, किती भिजवायची ते शिकवलं. तेव्हा राग आला होता. आज विचाराल तर त्या परातीइतकं मला माझ्या संसारातलं दुसरं काही आठवत नाही.

ती कणीक अशी असायची. गव्हाचं पीठ, भिजवलेली शेंगपेंड, मूठभर भाजलेलं डाळीचं पीठ, गुळाचा खडा, हिंगाची चिमूट. आणि सगळ्यात महत्त्वाचा कापूस. वातीचा कापूस पिंजून तो पिठात घोळवत मळायचा, म्हणजे गोळी गळाला धरून राहते, मासा नुसता चाटून पळत नाही. देवघरातला कापूस फार लवकर संपायला लागला तेव्हा मी कुरकुर केली. "एक वात कमी लावली म्हणून देव उपाशी ऱ्हातोय व्हय? मासं ऱ्हात्यात," हे म्हणाले. मळण्याआधी हात साबणानं धुवायचे नाहीत, बंबातल्या राखेनं धुवायचे. साबणाचा वास माशाला लागतो म्हणे. "माशाला माझ्या हाताचा वास कळतोय, तुम्हाला काय कळला न्हाय कधी," असं मी एकदा म्हटलं, तर डबा उचलून हसत सायकलवर बसले.

जायचे ते दगडाच्या एका जुन्या खणीवर. कोल्हापुराच्या आसपास अशा खणी बऱ्याच आहेत. दगड काढून काढून खड्डा होतो, त्यात पाणी साचतं, मग कुणीतरी मासे सोडतं. मी तिथं कधी गेले नव्हते. कुणी जाऊ नको म्हटलं नव्हतं, पण रविवारी लोकांच्या ब्लाऊजच्या घाईत माझं पाऊल घराबाहेर पडायचं नाही. मला खण कळली ती जेवणाच्या ताटावर. संध्याकाळी मासा आणायचे. खणीच्या माशाला चिखलाचा वास असतो, म्हणून मी तो मीठ-हळद चोळून चिंचेच्या पाण्यात ठेवायची आणि मग कांदा-लसूण चटणीचा रस्सा करायची. भाकरी मोडत हे सगळा दिवस सांगायचे.

गळाच्या दोऱ्यावर पाण्याबाहेर दिसेल असा ज्वारीच्या ताटातल्या हलक्या गाभ्याचा, म्हणजे भेंडाचा, तुकडा बांधलेला असतो. सगळं लक्ष त्या भेंडावर. बारकी चिलापी मासळी आली तर भेंड टुचुक टुचुक हलतं, कोंबडीनं दाणे टिपावेत तसं. तेव्हा ओढायचं नाही, नुसतं पीठ जातं. मोठा रोहू आला तर आधी काहीच होत नाही. मग भेंड आडवं पडतं. मग एका बाजूला सावकाश सरकायला लागतं. ओढायचं ते तेव्हा. ते सगळं हे मला ताटातल्या लिंबाच्या फोडीला भेंड करून दाखवायचे. त्यामुळं खण न बघताच खणीतले मासे माझ्या ओळखीचे झाले होते.

श्रावणात आमच्याकडं मासे शिजत नाहीत. तरी कणीक मळावी लागायचीच. हे जायचे, मासा धरायचे, बघायचे आणि सोडून यायचे. सासूबाई म्हणायच्या, याच्या उपासाचं पुण्य माशांनाच लागतंय. रिकाम्या डब्यानं घरी आले तरी चेहरा मात्र भरलेला असायचा.

एका बाबतीत फार कडक होते. काही लोक काठाला दुबेळकं लाकूड रोवतात, त्या बेचक्यावर काठी टेकवतात आणि गप्पा मारत बसतात. यांना ते खपायचं नाही. "काठी हातात पायजे. मासा काय करतोय ते हाताला कळाय पायजे. बेचक्यावर ठेवणाऱ्यानं बाजारातनं आणावा की मासा." त्यांच्या कारखान्यातले एक सोबती दर रविवारी बरोबर असायचे, ते बेचकंवाले. दोघांचं यावरून किती वर्षं भांडण चाललं होतं, आणि तरी दोघं शेजारी शेजारी बसायचे.

निवृत्त झाल्यावर हे रोज खणीवर जातील असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. आधी एके दिवशी गळ आणि तंगूस माझ्या मशीनवर आणून ठेवला. "गाठ मार जरा. चष्म्याचा नंबर वाढलाय," म्हणाले. जन्मभर गाठ स्वतःच मारणारा माणूस. मी मारून दिली. सुईत दोरा ओवणाऱ्या हाताला ते काय अवघड. पण पेपर हे बिनचष्म्याचा वाचत होते, ते मला दिसत होतं. मग चहा बशीत ओतून पिणं बंद झालं, पेल्यात अर्धाच चहा लागायला लागला. हात मांडीवर असला की गप असायचा, काही उचललं की थरथरायचा. बरीच वर्षं डॉक्टरकडं माझी पाठदुखी घेऊन जाणारे हे स्वतःसाठी मात्र जाईनात. झाकली मूठ सव्वा लाखाची. मीही काही बोलले नाही, पेला अर्धाच भरत राहिले.

मग खणीला नावं ठेवायला सुरुवात झाली. पाणी घाण झालंय. चिलापीनं सगळं खाल्लं. पोरं जाळी लावत्यात. आता तिथं मासाच ऱ्हायला न्हाय. एका रविवारी मी कणीक मळून डबा भरला तर म्हणाले, "कशाला मळलीस? कुत्र्याला घाल." नाचता येईना अंगण वाकडं, हे मला कळत होतं. पण ते मोठ्यानं म्हणायची हिंमत नव्हती. दिवसभर घरात बसून हे माझ्या मशीनच्या आवाजावर वैतागायचे, भाजीवाल्याशी भांडायचे, टीव्हीपुढं डोळे मिटून बसायचे. माणूस समोर होता आणि मला त्याची आठवण यायची. असं होतं, हे मला आधी माहीत नव्हतं.

शेवटी ते बेचकंवाले सोबती घरी आले. हे पोस्टात गेले होते. मी चहा दिला, तो त्यांनी न पिताच खाली ठेवला.

"वैनी, एक सांगू का? राग नगा मानू."

"सांगा की."

"त्यांच्या हाताचा काय तर विलाज बघा. काठी धरली की भेंड सारखं हलतंय. मासा हलवतोय का हात हलतोय, कळंना त्यास्नी. शेवटी आलते तवा काठी फेकली आनि तसंच घरला गेलते. मी बेचकं दिऊ म्हटलं तर माझ्याशी बी बोलंनात."

मी त्या दिवशी एकही ब्लाऊज शिवला नाही. डॉक्टरकडं नेलं, भांडून नेलं. गोळ्या मिळाल्या. थोडा फरक पडेल, पूर्ण जाणार नाही, वयाचं आहे, असं डॉक्टर म्हणाले. हे गोळ्या घ्यायला लागले आणि पुन्हा टीव्हीपुढं जाऊन बसले. मला भीती वाटायची ती हाताची नव्हती. एवढ्याशा थरथरीपायी हा माणूस उरलेलं सगळं आयुष्य त्या खुर्चीत घालवेल, याची होती.

पुढच्या रविवारी राखेनं हात धुवायला बंब नव्हता, तो कधीच मोडीत गेला होता. नुसत्या पाण्यानं धुतले आणि कणीक मळली. घरात पडलेली दुसरी जुनी काठी काढली, डबा भरला आणि माझी स्कूटी बाहेर घेतली. ब्लाऊज पोचवायला घेतलेली ती स्कूटी. हे तिच्यावर मागं कधी बसले नव्हते.

"चला."

"कुठं?"

"खणीवर. काठी मी धरतो. भेंड तुम्ही बघा." आमच्याकडं बायकाही धरतोच म्हणतात.

"तुला काय कळतंय त्यातलं?"

"तुम्ही सांगशीला तेवढं कळंल. न्हायतर मी एकटी जातो."

यांनी एकदा माझ्याकडं, एकदा स्कूटीकडं बघितलं. मग चप्पल घातली. मागं बसले ते एका बाजूला तोंड करून, रस्त्यावरच्या माणसांना आपण दुसऱ्याच कुणाच्या स्कूटीवर आहोत असं वाटावं म्हणून.

खण मी मनात केली होती त्यापेक्षा लहान निघाली. पलीकडच्या काठाला सोबती बसले होते, आणखी तीन-चार जण होते. सगळ्यांनी बघितलं, कुणी काही बोललं नाही. कोल्हापुरी माणूस गप्प बसला म्हणजे विषय गंभीर आहे, एवढं समजून जावं. यांनी खडकाजवळची जागा दाखवली. भिजवलेली पेंड पाण्यात टाकायला लावली, मासे गोळा व्हावेत म्हणून. मी हरभऱ्याएवढी गोळी करून गळाला लावली आणि दोरा पाण्यात सोडला. हे शेजारी बसले, दोन्ही हात पोटाशी घडी करून, काखेत दाबून.

भेंड टुचुक टुचुक हलायला लागलं.

"वढू?"

"उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. चिलापी हाय ती. गप ऱ्हा."

मी काठी धरून बसले. चिलापीनं किती गोळ्या खाल्ल्या देव जाणे. ऊन वर आलं, माझी मान आखडली. यांचा आवाज मात्र हळूहळू बदलत होता. काठी खाली घे. सावली पाण्यावर पडतीया, मागं सर. दोरा किती सैल सोडलाईस. बोलणी खाता खाता मला बरं वाटायला लागलं, कारण किती महिन्यांनी हे माझ्यावर मासेमारीवरून ओरडत होते.

मग भेंड आडवं पडलं. मी यांच्याकडं बघितलं. यांचं सगळं अंग पुढं झुकलं होतं.

"थांब," अगदी हळू म्हणाले. भेंड सरकायला लागलं. "थांब. आता वढ."

ओढलं तर काठी अशी वाकली की माझा जीव घाबराघुबरा झाला. "ताणू नगंस. सैल बी सोडू नगंस. पळू दे त्याला, दमू दे," हे म्हणत होते आणि मी करत होते. दोरा किती ताणला की तुटतो, हे मला मशीनवर बसून चांगलंच माहीत होतं. मासा पाण्यात फिरला, पुन्हा फिरला आणि शेवटी काठाजवळ कुशीवर आला. चांगला मोठा रोहू होता, लालसर परांचा.

हे उठले. घडी घातलेले हात केव्हा सुटले, त्यांनाही कळलं नसेल. खडकावर उकिडवे बसले, दोन्ही हात पाण्यात घातले आणि मासा उचलला. पाण्याबाहेर आल्यावर ते हात मला दिसले. उजवा फार थरथरत होता. माशानं एक उसळी घेतली, गळ निसटला, आणि मासा यांच्या बोटांमधून पाण्यात गेला.

पलीकडून सोबत्यांनी विचारलं, "काय झालं ओ?"

सगळा काठ आमच्याकडं बघत होता. आता हा माणूस पुन्हा इथं पाऊल ठेवणार नाही, असं मला वाटलं. मी घाईनं ओरडले, "माझ्याकडनंच चुकलं. दोरा सैल पडला माझा."

"तिचं काय चुकलं न्हाय," हे म्हणाले. पाण्याकडंच बघत होते, पण आवाज पलीकडं पोचेल एवढा मोठा होता. "माझ्या हातातनं गेला. हात थरथरतोय माझा. धरता येत न्हाय आता."

मग सोबती म्हणाले, "मग दांड्याची जाळी लागंल की खालनं धरायला. माझ्या घरी हाय. पुढच्या रविवारी आनतो."

"आन," हे म्हणाले.

येऊन माझ्या शेजारी बसले. ओले हात विजारीला पुसले आणि गुडघ्यांवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे. मला इतकं भरून आलं की समोरचं पाणी दिसेना. यांनी ते बघितलं.

"रडतीस कशाला? मासा काय तुझ्या म्हायेरचा व्हता व्हय?" म्हणाले. "लाव की पीठ."