झरीच्या माळावरच्या पायघड्या

पोलिस ॲक्शन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. माझी पोस्टिंग झरीजवळच्या माळावर झाली. मी पालमचा, इथली बोली येते म्हणून मला पाठवलं. फौजेत हुद्दा हवालदार, हाताखाली दोन जवान आणि एक वायरलेस सेट. काम एकच, छोटं विमान सुखरूप उतरवायचं. लोक म्हणतात, ते तर पायलटचं काम! अहो, खाली येताना त्या एकट्या माणसाला जमिनीवरच्याचे डोळे लागतात.

दुधनेला पूर होता. परभणीची वाट बंद होती. माळाखालच्या धनगरवस्तीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ लागली होती.

माळ मुरमाचा, टणक. एका अंगाला उतार आणि उताराखाली काळी रानं. पावसात त्या रानात बैल रुततो, तिथं विमानाची काय कथा! म्हणून मुरमावर आम्ही पांढऱ्या कापडाचा इंग्रजी टी अंथरायचो. पायलटनं तो वरून हेरायचा, वाऱ्याला तोंड देऊन खाली यायचं आणि टीच्या बाजूला चाकं टेकवायची. मेंढरं हाकलून माळ मोकळा ठेवणं आमच्याकडं.

पहिल्या खेपेला पायलट कॅप्टन सोधी डॉक्टरांना घेऊन आले. उंचापुरा, हसरा माणूस. वस्तीचा म्हातारा धोंडिबा हात जोडून म्हणाला, "सायेब, रिकाम्या हातानं आलो. घरात दुखनं हाय."

मी हिंदीत सांगितलं. साहेब हसले. "कोई बात नहीं. अगली बार दूल्हे जैसा स्वागत करना."

तेही मी धोंडिबाला सांगितलं. लय दिवसांनी ती माणसं हसली.

आठवडाभरात डॉक्टरांची औषधं संपली. धोंडिबाची सून पडून होती, डोळे पार खोल गेलेले. सलाईनच्या बाटल्या आणि लस घेऊन साहेब परत येणार होते. त्या सकाळी आभाळ अगदी माळावर टेकलं होतं.

"सर, हवा पश्चिम से, तेज. टी पूरब के सिरे पर. ओव्हर."

"बादल बहुत नीचे हैं. उतर रहा हूँ. ओव्हर."

विमान ढगातून बाहेर आलं. सेटवर आवाज आला, "सफेद दिख गया. आ रहा हूँ."

मला हायसं वाटलं. मग बघतो तर विमानाचं तोंड माझ्याकडं नव्हतंच, उताराकडं होतं.

"सर, ओव्हरशूट! ओव्हरशूट! वापस ऊपर लीजिए! वो टी नहीं है!"

इंजिन गरजलं. विमान वर उचलायला उशीर झाला होता. चाकं काळ्या मातीला लागली आणि विमान नाकावर जाऊन उलटलं.

मी उतारावरून धावत सुटलो. आणि मग दिसलं. बांधापासून वस्तीपर्यंत रानातून धोतरं अंथरलेली, एकाला एक लावून. दोन्ही बाजूंना बाया आरतीची ताटं घेऊन उभ्या. विमानाचा आवाज कानावर येताच वस्तीनं घरोघरचं पांढरं काढलं होतं. नवरदेवाला घालतात तशा पायघड्या!

साहेबांना ओढून बाहेर काढलं आणि त्याच धोतरांवर ठेवलं. छाती चेपली होती. डॉक्टर धावत आले.

"टी हिलाया था?" साहेबांनी मला विचारलं.

"नहीं सर."

त्यांचा हात अंगाखालच्या कापडावर फिरला. त्यांनी आरतीच्या ताटांकडं बघितलं. समजले ते.

धोंडिबा रडत होता. "हवालदार, असं कसं झालं वो? चिखलानं घात केला का?"

"क्या पूछ रहा है?" साहेबांनी विचारलं. मी सांगितलं.

"हाँ बोलो. कीचड़ ही था." मग म्हणाले, "शिंदे, इनको और कुछ कभी मत बताना. ऑर्डर है."

"यस सर."

दुपारी ते गेले. पेटीतल्या बाटल्या शाबूत होत्या. धोंडिबाची सून वाचली.

चौकशीत मी जे घडलं ते सगळं सांगितलं. वस्तीत मात्र चिखलच राहिला. जीव तुटतो तो याच्यासाठी, की राग काढायला कुणीच नाही. ज्यांनी मारलं म्हणावं, त्यांनी अंगावरची वस्त्रं अंथरली होती हो! एवढ्या उमद्या माणसाचं असं व्हावं?

धोंडिबा आता नाही, त्याची सूनही गेली. म्हणून आज बोलतोय.

दरवर्षी त्या दिवशी वस्ती त्या जागी नारळ फोडायची. मीही जिंतूरच्या एसटीनं जायचो. बांधापासून ते थेट साहेब पडले तिथपर्यंत धोंडिबा स्वतःच्या हातानं पांढरी धोतरं अंथरायचा, सुरकुती दिसली की परत नीट करायचा. मग माझ्याकडं बघून विचारायचा, "हवालदार, त्या दिवशी चिखलानं सायबाला ह्याच्यावरनं चालूच दिलं न्हाई. आमच्या पायघड्या आवडल्या असत्या न्हवं त्यास्नी?"

"लय आवडल्या असत्या, बाबा," मी म्हणायचो, आणि सावधान उभा राहायचो.